गोगीचं पान

होती एक गोगलगाय. केवढी? वाटाण्याएवढी. नाव तिचं गोगी.

गॅलरीत होती एक कुंडी. कुंडीत मायाळूचा वेल. वेलाची पानं जाड जाड, मऊ मऊ. गोगी पानाखाली झोपायची. उठली की पान खायची. कुरुम कुरुम.

एकदा आला वारा. सूंऽऽ! कुंडी पडली. खळ्ळ! वेल मोडला. पानं उडाली. बाबांनी माती झाडली, खाली बागेत नेऊन टाकली.

उरलं काय? एक काडी. बोटभर. पान एकही नाही.

गोगीला आलं रडू. पोटात लागली भूक.

"काडी काडी, पान दे."

काडी म्हणाली, "देईन की गं! पण मी अशी आडवी पडलेली. बाटली मला घेईल, तेव्हा."

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. कोपऱ्यात होती बाटली.

"बाटली बाटली, काडीला घे.
काडी देईल पान.
पान खाईल गोगी लहान."

बाटली म्हणाली, "घेईन की गं! पण मी तर रिकामी. नळ मला भरेल, तेव्हा."

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. ओट्यावर होता नळ.

"नळा नळा, बाटली भर.
बाटली घेईल काडी.
काडी देईल पान.
पान खाईल गोगी लहान."

नळ म्हणाला, "भरीन की गं! पण माझा कान कोण पिळणार? मुक्ता मला सोडेल, तेव्हा."

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. ओट्यापाशी उभी होती मुक्ता. चार वर्षांची.

"मुक्ता मुक्ता, नळ सोड.
नळ भरेल बाटली.
बाटली घेईल काडी.
काडी देईल पान.
पान खाईल गोगी लहान."

मुक्ता म्हणाली, "सोडीन की गं! पण हातच पुरत नाही. बघ ना! उंऽऽ... उंऽऽ... बाबा स्टूल देतील, तेव्हा."

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. बाबा बसले होते लसूण सोलत.

"बाबा बाबा, स्टूल द्या.
मुक्ता सोडेल नळ.
नळ भरेल बाटली.
बाटली घेईल काडी.
काडी देईल पान.
पान खाईल गोगी लहान."

बाबा म्हणाले, "देईन की गं! पण स्टूलवर बोकोबा झोपलेत. ते उतरतील, तेव्हा."

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. अबब! केवढा हा बोका!

"बोकोबा बोकोबा, खाली उतरा.
बाबा देतील स्टूल.
मुक्ता सोडेल नळ.
नळ भरेल बाटली.
बाटली घेईल काडी.
काडी देईल पान.
पान खाईल गोगी लहान."

बोकोबांनी उघडला एक डोळा. "घुर्रऽऽ! नाही!" आणि डोळा मिटला.

गोगी गुडुप! शिरली शंखात. थरथर थरथर.

आता कुणाला सांगणार? कुणीच उरलं नाही.

मग एक शिंग आलं बाहेर. मग दुसरं शिंग. गोगी चढली स्टूलवर. हळू हळू. शेपटीवरून पाठीवर. पाठीवरून डोक्यावर. डोक्यावरून... नाकावर!

ओली ओली गोगी. गार गार नाक.

"आऽऽ... आऽऽ... आक्छी!"

गोगी उडाली. टुपुक! पडली मुक्ताच्या ओंजळीत.

बोकोबा उतरले. धप्प!
बाबांनी दिलं स्टूल.
मुक्ताने सोडला नळ. सूंऽऽ!
नळाने भरली बाटली. गुडुगुडु!
बाटलीने घेतली काडी. डुबुक!

"आता पान?" गोगीने विचारलं.

"अगं, थांब ना!" काडी म्हणाली. "आधी मला पाय फुटू देत."

मुक्ताने विचारलं, "बाबा, माती नको?"

"नको. पाणी आणि ऊन पुरे. पण मुळांना काळोख आवडतो हं." मग मुक्ताने बाटलीला घातलं कागदाचं झबलं.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. गोगीने खाल्लं काकडीचं साल. तिसऱ्या दिवशीही काहीच नाही.

एका सकाळी मुक्ताने झबलं वर केलं. "बाबा! धागा! पांढरा धागा!"

"धागा नव्हे, मूळ!" बाबा हसले. त्यांनी पाण्यात टाकले झाडाच्या खाऊचे दोन थेंब. टप. टप.

आणि मग? काडीने उघडली इवलीशी मूठ. हिरवी हिरवी. मूठ झाली पान!

"पहिलं पान कुणाचं?" बाबांनी विचारलं.

"गोगीचं!" मुक्ता म्हणाली.

काडीने दिलं पान.
पान खाल्लं गोगीने छान.
कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.

पान गेलं पोटात, गोष्ट गेली कानात!