राहीआक्काचं लाखावं फूल

देवळापुढचा पिंपळ आज चार माणसांच्या कवेत मावत नाही. तो पिंपळ कमरेएवढा होता, तेव्हाची ही गोष्ट. तिवरदऱ्याला तेव्हा धड वाट नव्हती, आणि ओढ्यापलीकडचं गायरान म्हणजे नुसते दगड आणि कुसळं. त्या फार वर्षांपूर्वीच्या गावात राही नावाची एक मुलगी लग्न होऊन आली.

आली ती पदराच्या गाठीत भोपळ्याच्या सात बिया बांधून. तेव्हा रीतच होती तशी. लेक सासरी निघाली की आई आपल्या परसातलं मूठभर बी तिच्या पदराला बांधायची, म्हणजे नव्या अंगणात एक तरी पान ओळखीचं उगवावं. पुढच्याच पावसाळ्यात नदीला पूर आला आणि राहीचं माहेर, हिवरवाडी, घरांसकट आणि गोठ्यांसकट वाहून गेलं. आई गेली, बाप गेला, भाऊ गेले. हिवरवाडीचं म्हणून जगात उरलं काय, तर राहीच्या कुंपणावरचा भोपळ्याचा वेल.

नवराही लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. पण तिची कीव करायला कुणाला सवड मिळाली नाही, कारण ती कधी रिकामी सापडायचीच नाही. असं म्हणतात, तिनं वाळकी काठी मातीत खोचली तरी आठव्या दिवशी तिला पान फुटायचं. असं म्हणतात, मधमाश्या तिच्या मनगटावरून अशा फिरायच्या की लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाईनं सोन्याच्या बांगड्या भरल्यात. ती त्यांच्याशी बोलायचीसुद्धा. आज उशीर केलात गं, म्हणायची, कुणाच्या दारी गप्पा मारत बसला होतात? ओढ्यावरच्या बायका हसायच्या आणि घरी जाऊन आपापल्या वेलापाशी हळूच तेच म्हणून बघायच्या. सगळं गाव तिला राहीआक्का म्हणायला लागलं. दिवाळीला तिच्या भोपळ्याची फोड घरोघर जायची. ती शिजत असली की आळीतून जाणारा माणूस दोन पावलं थांबून पुढे जायचा, अशी त्या भोपळ्याची गोडी.

मग एका साली गुरांवर रोग आला. बैलांच्या तोंडाला लाळ सुटली, खूर सडले, गाई उठेनात. गावानं भैरोबाला नवस बोलला, गुरं उठव, तुला लाख फुलांची लाखोली वाहू. गुरं उठली. गावानं श्रावणभर मोजून मोजून लाख फुलं वाहिली. नवस फिटला, आता घरी बसावं की नाही? पण वरच्या आळीनं पुढल्या सालीही टोपल्या काढल्या, मग खालची आळी मागे कशी राहील? वरच्यांनी तगरीची पाटी आणली की खालचे झेंडूच्या दोन आणायचे. वर्षावर्षाला लाखोली ठरूनच गेली.

त्यात आणखी एक नेम. देवाला उष्टं फूल चालत नाही, आणि माशी बसली की फूल उष्टं झालं. म्हणून बायका उजाडायच्या आतच टोपल्या घेऊन निघायच्या. सूर्य हातभर वर येईपर्यंत तिवरदऱ्यात फूल म्हणून औषधाला उरायचं नाही.

माश्या यायच्या, रिकाम्या झाडांवरून फिरायच्या आणि जायच्या. एक दिवस गेल्या त्या आल्याच नाहीत.

तिसऱ्या सालापासून वेलांना काय झालं कुणाला कळेना. दोडका बोटाएवढा व्हायचा, पिवळा पडायचा आणि गळायचा. कारली गळाली, काकडी गळाली. तीळ फुलला तरी बोंडं पोकळ. गाव म्हणालं, देव कोपला. मग उपाय काय काढला? लाखोली श्रावणात होती, ती भादव्यापर्यंत लांबवली. राहीआक्का ओढ्यावर सांगून थकली, अगं, माशी येईना म्हणून फळ धरंना. त्यावर बायका म्हणायच्या, फळ देव धरतो आक्का, माशी नव्हं.

तिच्या कुंपणावरही तेच चाललं होतं. गाडग्यातल्या बिया ती दरसाल लावायची, वेल भिंतभर पसरायचा आणि भोपळा एक धरायचा नाही. बिया सरत आल्या. शेवटी गाडगं उपडं केलं तर हातावर एकच बी पडली. ती तिनं लावली आणि रोज तिच्यापाशी बसायला लागली. एवढा एक वेल वांझ गेला, तर हिवरवाडी नावाचं गाव कधी होतं, हे सांगणारं पानसुद्धा उरणार नव्हतं.

त्या साली फुलांची इतकी तूट होती की श्रावण संपून भादवा संपत आला तरी लाख भरेनात. बायकांनी तिळाची फुलं तोडली, बाभळीची तोडली, भाजीचीही सोडली नाहीत. शेवटच्या दिवशी पहाटे त्या राहीआक्काच्या दारी आल्या. वेलाला लांब देठाची, नुसत्या पिवळ्या भुकटीची नरफुलं आली होती. ती तिनं आपल्या हातानं खुडून दिली, त्यांना फळ धरत नसतं म्हणून. एक फूल मात्र तिनं पानाआड ठेवलं. त्याच्या बुडाशी लिंबाएवढा हिरवा गोळा होता. सगळ्या वेलाला तेवढं एकच मादीफूल आलं होतं.

देवळात मोजणी झाली. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. एक फूल कमी.

दुपारच्या आरतीआधी लाख भरायला हवे होते. गावानं बांध धुंडाळले, ओढा धुंडाळला. आणि मग कुणाला तरी ते पानाआडचं फूल आठवलं. राहीआक्काच्या कुंपणापाशी सगळं गाव गोळा झालं. पुढे राजसा पाटलीण, हातात टोपली.

"आक्का, एक कमी पडलंय. तेवढं दे."

"हे न्हाई द्यायची, पाटलीणबाई."

"देवापरीस भोपळा मोठा झाला व्हय तुला?"

राहीआक्का वेलाला पाठ लावून उभी राहिली. पाटलांनी मागून बजावलं की लाखोली अपुरी राहिली आणि गुरं पुन्हा पडली, तर हिला गावाबाहेर घर बांधावं लागेल. माणसं मान हलवायला लागली. तिनं गर्दीत बघितलं, तर टोकाला म्हातारा सिदू गुरव उभा होता, भैरोबाची पूजा करणारा. तिनं त्यालाच विचारलं.

"सिदूबाबा, औंदा देवाच्या पंचामृतात मध घातला का?"

म्हातारा घुटमळला. मग खाली बघून म्हणाला, "बुधली कोरडी हाय आक्का. दोन सालं झाली, गूळच घालतोय."

कुणाला हे ठाऊक नव्हतं. गाव एकमेकांकडे बघायला लागलं.

"मध म्हंजे काय?" राहीआक्का म्हणाली. "माशीच्या तोंडातलं. ते देवाला ग्वाड लागतं, अन् तिनं नुसतं शिवलेलं फूल उष्टं? माशी देवाचीच व्हती. तिच्या ताटातलं आपुन वढून घेतलं, म्हणून ती गेली." मग ती गुरवाकडे वळली. "फूल मी देवाला देते. पर तोडून न्हाई. त्यालाच हितं आणा."

पाटलीण काहीतरी बोलणार होती, पण तिच्याआधी गुरवच खाकरला.

"देव काय पांगळा न्हाई," तो म्हणाला. "उचला पालखी."

तर अशी भैरोबाची पालखी पहिल्यांदा कुणाच्या परसात आली. आत देव बसलेला आणि सकाळच्या फुलांनी गळ्यापर्यंत झाकलेला. राहीआक्कानं पान बाजूला केलं. फूल उघडलेलं होतं, पिवळं जर्द. ढोल थांबला. सगळे बघत राहिले आणि काहीच होईना.

आणि मग, असं म्हणतात, देवाच्या गळ्यापाशी काहीतरी हललं. त्या ढिगातून, राहीआक्कानंच खुडून दिलेल्या नरफुलांतून, एक मधमाशी बाहेर आली. पहाटे फूल मिटून टोपलीत पडलं तेव्हा आत होती, की कुठून दुरून आली, की देवानंच पाठवली, कुणी सांगावं. अंगभर पिवळी झालेली, जशी हळद लागलेली नवरी. देवाच्या खांद्यावर बसली, पाय झाडले, आणि गावाच्या डोळ्यांदेखत उडून राहीआक्काच्या फुलात शिरली.

गुरवानं फुलाला हात लावला नाही. नुसतं बोट दाखवलं आणि म्हणाला, "लाख."

ऊन चढायला लागलं होतं. राजसा पाटलीण टोपली खाली ठेवून पुढे झाली आणि आरती होईपर्यंत त्या फुलावर आपल्या पदराची सावली धरून उभी राहिली. का, असं तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

तो भोपळा धरला. एवढा वाढला की कुंपण मोडलं आणि घरी न्यायला बैलगाडी लागली, असं म्हणतात. फोडला तेव्हा आत इतक्या बिया निघाल्या की सुपं कमी पडली. राहीआक्कानं प्रत्येक घराला बी दिलं, पण एक अट घातली. हे बी आपापल्या परसात लावायचं नाही, ओढ्यापलीकडच्या गायरानात लावायचं, सगळ्यांचं मिळून. आणि गावातल्या प्रत्येक सुनेनं आपल्या माहेरचं बी तिथंच आणून पेरायचं. कुणी शेवंती आणली, कुणी कारळा, कुणी तुळस, कुणी घेवडा. एका सुनेनं नुसती कोथिंबीर आणली. बाकीच्या हसल्या, तर राहीआक्कानं तिलाच पुढे बसवलं. म्हणाली, निम्मी खा, निम्मी फुलायला सोड, त्या पांढऱ्या फुलावर माश्या लग्नाच्या पंगतीसारख्या बसतात.

शिकवायची तिची पद्धत वेगळी. तोंडानं फार सांगायची नाही. शिकायला येईल त्याचा हात धरून मातीत मनगटापर्यंत खुपसायची आणि विचारायची, तहान लागलीय का हिला? उत्तर येईस्तोवर हात सोडायची नाही. दगड वेचून त्यांचा बांध घातला. बारा महिन्यांत एक महिना बिनफुलाचा जाऊ नये, अशी वाफ्यांची आखणी केली. तिसऱ्या वर्षी माश्या आल्या, आणि गुरवाची बुधली भरली.

राहीआक्का खूप म्हातारी होऊन गेली. शेवटी दिसत नव्हतं, तरी वाफ्यातून चालताना वासावरून सांगायची, हे अमकीच्या माहेरचं, हे तमकीच्या. तिला माहेरपणाला बोलवायला कुणी उरलं नव्हतं, तर गावच्या सुना दर दिवाळीत तिलाच त्या मळ्यात नेऊन जेवू घालायच्या.

आजही तिवरदऱ्यात माशी बसल्याशिवाय फूल तोडत नाहीत. बसून गेलेलं फूल देवाला जास्त चालतं. नवी सून आली की देवदर्शनानंतर तिला आधी राहीआक्काच्या मळ्यात नेतात, पदराची गाठ सोडतात आणि तिचा हात मातीत खुपसतात. आता तिथं शाळेची पोरं शिकायला येतात, तालुक्याहूनही माणसं येतात, बी मागून नेतात. मागेल त्याला देतात. परत आणून द्या एवढंच सांगतात.

आणि भादव्याच्या शेवटच्या दिवशी भैरोबाची पालखी मळ्यात येते. लाखोली तिथंच होते, उभ्या झाडांवर. हात पाठीमागे बांधून पोरं फुलं मोजतात. वरची आळी आणि खालची आळी अजून भांडतात, कुठलं फूल कुणी मोजलं म्हणून. मोजून झालं की पालखी निघायची. पण पालखीवर मधमाशी बसलेली असेल, तर ती आपणहून उडेपर्यंत पालखी उचलायची नाही, असा नेम आहे.

मागे एका साली ती दिवस कलेपर्यंत बसली. घरोघर भाकऱ्या गार झाल्या, ढोलवाले झाडाखाली पेंगले, पाहुण्यांच्या गाड्या चुकल्या. सगळं गाव उन्हात उभं राहिलं. तिला हात कुणी लावला नाही.