शिट्टीच्या आधी

"...ते सगळं खरं मास्तर, पण त्यानं पाय सोडला की नाही, एवढंच सांगा ना."

हेमंतनं पुन्हा तेच विचारलं. भुवड मास्तर कबड्डीच्या मैदानावर पाणी शिंपडत होते. त्यांनी काही झारी खाली ठेवली नाही.

हेमंत म्हणजे टीव्हीवरच्या 'शनिवारचं मैदान' या कार्यक्रमाचा निवेदक. याच मातीत मास्तरांकडे शिकला, पुढे शहरात बस्तान बसलं. आता गावात आला की लोक सोबत फोटो काढून घेतात, त्यामुळे स्वारी खुशीत असते.

या मैदानाची एक रीत होती. बाद झालेल्या पोरानं पंचाच्या शिट्टीआधी स्वतःच हात वर करून बाहेर जायचं. हेमंतला ती कधीच पटली नाही. पंचाला दिसलं नाही तर आपण कशाला सांगायचं, असं त्याचं तेव्हाही मत होतं.

गेल्या शनिवारी त्यानं नुसती खळबळ उडवून दिली होती. दिगंबर हा मास्तरांचाच दुसरा चेला. अंतिम सामन्यात, अगदी शेवटच्या चढाईला त्यानं चढाईला आलेल्या गड्याचा घोटा धरला, आणि तो निसटला. सामना गेला. हेमंतनं तेवढाच तुकडा हळू करून दाखवला. एकेक बोट उघडताना दिसत होतं. वर हा म्हणाला, "बोटं खोटं बोलत नाहीत."

ते वाक्य गावोगाव झालं. दिगंबरनं सामना विकला, असं लोक उघड बोलू लागले. बिचाऱ्याची नोकरी खेळामुळे लागलेली, तीही जायची वेळ आली. तो घराबाहेर पडेना.

येत्या शनिवारी दुसरा भाग होता. त्यात मास्तर दोन शब्द बोलले की विषय मिटला, असं हेमंतचं म्हणणं. कॅमेरा गाडीत तयार होता.

"दिगूला विचारलंस?"

"तो काय सांगणार मास्तर? दिसतंयच की सगळं."

"बरं..."

मास्तरांनी झारी ठेवली, लेंगा गुडघ्यापर्यंत सरकवला आणि त्याला घोटा धरायला सांगितलं.

कपडे इस्त्रीचे होते, पण मास्तरांना नाही कोण म्हणणार? हेमंतनं ओल्या मातीत बसकण मारली आणि घोटा पकडला. मास्तर मधल्या रेषेकडे हळूहळू पाय ओढू लागले. पकड जराही हलली नाही. हेमंतला मनातून बरं वाटलं. हात अजून विसरला नव्हता.

"आता चढाईतल्यासारखं," मास्तर म्हणाले. "सोडू नकोस हं."

पुढे काय झालं ते त्याला कळलंच नाही. टाच फिरली, हिसका बसला आणि सत्तरी उलटलेले मास्तर रेषेपलीकडे उभे. हेमंत चिखलात पालथा. हात पुढे पसरलेला, बोटं उघडी.

"सोडलास होय?"

"नाही मास्तर! आईशप्पथ, जीव खाऊन धरला होता."

"मला तर बोटं उघडताना दिसली."

हेमंत उठून बसला. दिगूचं तोंड डोळ्यांपुढे आलं, आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली.

तो हातावरची माती खरवडू लागला. मग चाचरत म्हणाला की दुसऱ्या भागाची जाहिरात तर होऊन गेली आहे. आता मागं फिरायचं म्हणजे लोक हसणार. दिगूनं तक्रार केली, वाहिनीनं विचारलं, तर काय ते सांगू की. उगाच आपणहून कशाला...

मास्तरांनी झारी उचलली. राहिलेल्या कोपऱ्यात पाणी शिंपडता शिंपडता, मागे न बघताच ते म्हणाले,

"शिट्टीची वाट बघतोयस होय, हेम्या?"