नावाड्याचा खोटा बांबू

जपानात इवागामी नावाचा एक सरदार होता. समोरून 'नाही' आलेलं त्याला खपत नसे. कालच त्याचा सेनापती "नदी खोल आहे" एवढंच बोलला, आणि आज त्याचं मुंडकं वेशीवर टांगलेलं होतं.

मग सरदाराने म्हाताऱ्या गेन्साकू नावाड्याला बोलावलं. "पूल दोन दिवसांवर आहे आणि नदी गुडघाभर. फौज इथूनच पायी उतरेल. खरं ना?"

गेन्साकू पेचात पडला. खरं बोलावं तर मान जाणार, हो म्हणावं तर पाचशे माणसं बुडणार, त्यात त्याचा जावईही. त्याने कपाळ जमिनीला टेकवलं.

"सरकार म्हणतात तेच खरं. चूक माझ्या नाव ढकलायच्या बांबूची आहे. दोन माणसांएवढा उंच, पण सकाळी मेला शेंड्यापर्यंत बुडाला. सरकारांनीच आधी नदीत उभं राहून दाखवावं, म्हणजे गुडघा कुठे येतो ते त्या मूर्खाला कळेल."

सरदाराने खिडकीतून पाण्याकडे पाहिलं.

"नवा बांबू शोध," तो गुरकावला. "तोवर फौज पुलावरून जाईल."