एका कोनाड्यात एकच वाढ

त्या राज्यात दुपार कधी ढळत नसे. चाळीस घरं, मधोमध चौक, चौकात एक आड आणि वर एकाच रंगाचं आभाळ, एवढंच राज्य. ते कुणीतरी मांडलेला खेळ आहे हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मांडणाऱ्याला ते 'वरचा' म्हणत. वरच्यानं बोट दाखवलं की माणूस उठून जेवायला बसे, पुन्हा दाखवलं की निजे, आणि बोट दुसऱ्या घराकडे वळलं की आपल्या मर्जीनं वागायला मोकळा. माणसं मातीची होती की मेणाची, हे कुणी तपासलं नव्हतं. लागलं की दुखायचं, तेवढं पुरे.

दिवस मावळत नसल्यामुळे काळ जेवणांवर मोजत. कुणाचं वय सरकत नसे. म्हातारा मांडला तो म्हातारा, तान्हं मांडलं ते तान्हं.

कधीमधी वेशीवर एक गाडी येई. बैल नाहीत, गाडीवान नाही, नुसती गाडी. तिच्यात चाळीस पेटारे असत, सगळे एका जातीचे. त्यांना राज्यात 'वाढ' म्हणत, कारण मूळच्या मांडणीत जे नव्हतं ते त्यांतून वाढून येई. गाडी सात जेवणं थांबायची आणि न घेतलेले पेटारे घेऊन निघून जायची. प्रत्येक घराच्या ओटीवर एक कोनाडा होता, आणि त्यात एकच पेटारा मावे. ठेवला की ती वाढ त्या घरच्या माणसांपुरती, आणि तिथं राहायला आलेल्यांना राहतील तेवढ्यापुरती. काढला की घर मूळपदावर, मधलं काही घडलंच नव्हतं असं. वैद्याच्या सुनेनं एकदा जनावरांची वाढ काढून धंद्याची ठेवली, तर तिचं कुत्रं गेलं ते गेलंच, आणि ते गेलं म्हणून रडायचंही तिला आठवेना.

एवढं सगळं म्हटल्यावर भांडणं आलीच. कुणी म्हणे ही वाढ चांगली, कुणी म्हणे ती. म्हणून राज्यानं एक पारखीण नेमली होती. तिचं नाव मथुरा.

मथुरेच्या घरात दोघीच होत्या, ती आणि तिची सहा वर्षांची रेवती. मांडणाऱ्यानं दोघीच मांडल्या होत्या. नवी वाढ आली की मथुरा लेकीला घेऊन, ज्यानं पहिला पेटारा उचलला असेल त्याच्या घरी जाऊन राही. सहा जेवणं तिथं जेवायची आणि सातव्याच्या आधी चौकात येऊन सांगायचं. आधी गुण, मग दोष, हा शिरस्ता. कोणती घ्या हे मात्र तिनं सांगायचं नाही. आणि तिचा स्वतःचा कोनाडा रिकामा ठेवायचा, नाहीतर पारख एका अंगाला झुकते, असा नियम. परत आल्यावरही पाहिलेलं आठवत राहणं हे एकट्या पारखिणीला मांडलेलं होतं.

बोलायला ती फटकळ. ऋतूंच्या वाढीबद्दल चौकात म्हणाली होती, "आंबा मिळतो. थंडीत गोधडी मिळते, आणि गोधडीत शिरल्यावर जे सुख आहे ते मी काय सांगू! दोष असा, की तुम्ही वाट बघायला शिकाल. आंबा असताना थंडीची आणि थंडीत आंब्याची. शिवाय पापड वाळत घातले की पाऊस यायचाच." लोक हसले होते. पंधरा घरांनी ऋतू घेतले होते.

जनावरांच्या वाढीत तिला फारसा दोष सापडला नव्हता. मांजर नको तिथं हगतं, एवढंच सांगून ती खाली उतरली होती. धंद्याच्या वाढीला मात्र तिनं तासलं होतं. "प्रत्येकाला काम आहे, प्रत्येकाला मान आहे. पण काय काय झालं ते घरी येऊन सांगावं, तर ऐकायला घरात कोणी नाही. तेही कामावर!" आणि बेटाची वाढ आली तेव्हा एवढंच म्हणाली, "देखणी आहे बाई. दुसऱ्या जेवणापर्यंत फार देखणी आहे."

एवढ्या घरांत राहूनही मथुरा कुठल्या वाढीसाठी झुरली नव्हती. झुरायची ती घरी आल्यावर. रेवतीला चार वाक्यं येत. "आई, भूक लागली." "आई, बघ ना." "आई, झोप येते." "आई, मला पण." ही चार वाक्यं मथुरेला प्राणाहून प्यारी होती, खोटं कशाला बोला. पण हजारो जेवणं झाली आणि पाचवं वाक्य आलं नाही. दाराच्या चौकटीशी लेकीला उभी करून मथुरा तिच्या डोक्यावर तळहात टेकवायची. हात तिथंच यायचा. मग ती उगाच लेकीचे केस पुन्हा विंचरायची.

अशात वेशीवर पाचवी गाडी आली. ती वयाची वाढ होती.

पहिला पेटारा उचलला रंभाजीनं. रंभाजी आणि विठा हे जोडपं मुळातच म्हातारं मांडलेलं. "किती काळ सत्तरीतच बसायचं?" तो म्हणाला. "जरा पुढे सरकून बघू." विठानं कपाळाला हात लावला, पण कोनाडा तिनंच पुसून दिला.

मथुरा रेवतीला घेऊन त्यांच्याकडे राहायला गेली. दुसऱ्या जेवणाला रेवतीचा दात हलू लागला. तिसऱ्या जेवणाला तो भाकरीत पडला. पोर घाबरून रडली आणि मग जीभ त्या खिंडीत घालून घालून हसली. मथुरेनं दात धुऊन पदराच्या टोकाला बांधला. चौथ्या जेवणाला रेवती पाण्याचा तांब्या आणून ठेवत असताना थबकली आणि म्हणाली, "आई, तू माझ्याएवढी होतीस तेव्हा कुणाकडे हट्ट करायचीस?"

मथुरेच्या हातातला घास हातातच राहिला. ती कधी रेवतीएवढी नव्हतीच, तिला आईच मांडली होती. पण तो प्रश्न! तो कुणी शिकवलेला नव्हता, वरच्याचं बोट तेव्हा तिकडे वळलेलंही नव्हतं. पोरीनं तो स्वतःच्या डोक्यातून काढला होता.

"अगं बोल की काहीतरी," विठा म्हणाली. "लेकरू विचारतंय."

"तुझ्याकडेच करीन म्हणून थांबले होते," मथुरा म्हणाली आणि डोळे पुसायला चुलीकडे वळली.

पाचव्या जेवणाआधी रंभाजीनं अंगणात विठाला जवळ बोलावलं, तिच्या कानाशी काहीतरी सांगितलं, आणि ती लाजून "चला, काहीतरीच!" म्हणाली. मग तो खाटेवर आडवा झाला. जेवायला हाक मारली तर उठला नाही. वरच्याचं बोटही त्याच्यावर दोनदा येऊन गेलं, तरी उठला नाही. त्याचं पान मांडलेलंच राहिलं. राज्यात असं पूर्वी कधी झालं नव्हतं, त्यामुळे कुणाला त्याचं नावही माहीत नव्हतं. बायका म्हणाल्या, येईल उठून. सहावं जेवण झालं. खाट रिकामी झाली होती, उशीवर डोक्याचा खळगा तेवढा राहिला होता.

चौकातले कारभारी नागोजी धावत आले. गृहस्थ दिलाचा चांगला, पण घाई फार. "विठाकाकू, काढा तो पेटारा आधी! कोनाडा रिकामा केला की रंभाजी होते तसे परत येतील. हात लावा, मी काढतो."

विठा कोनाड्यासमोर जाऊन उभी राहिली. "हात लावशील तर बघ, नागोजी."

"अहो पण काकू, तुमचा माणूस परत येईल!"

"येईल. सत्तरीचाच येईल, तसाच बसेल. पण जाण्याआधी त्यानं माझ्या कानात काय सांगितलं, ते त्याला ठाऊक नसेल." तिनं पाठ कोनाड्याला टेकवली. "आणि मलाही नसेल. ते मी कुणाला देणार नाही. एवढ्या जेवणांत त्यानं तसं कधी म्हटलं नव्हतं रे."

नागोजींनी हात मागे घेतला. मथुरेनं विठाचा हात धरला.

चौकात जाण्याआधी मथुरा रेवतीला घरी सोडायला गेली. उंबरा ओलांडला आणि लेकीनं तिच्याकडे तोंड वर करून पाहिलं. "आई, भूक लागली." दात जागच्या जागी होता. मथुरेनं पदराची गाठ सोडून पाहिली, त्यात काही नव्हतं. तिनं विचारलं, "रेवू, मघाशी मला काय विचारलं होतंस?" पोरीनं पदराचं टोक ओढलं. "आई, बघ ना," ती म्हणाली.

मथुरा खाली बसली आणि ढसाढसा रडली. रेवतीनं तिच्या गालाला हात लावला आणि म्हटलं, "आई, मला पण."

चौकात सगळी चाळीस घरं जमली होती. रंभाजीची बातमी पसरली होती. मथुरा आडाच्या कठड्याशी उभी राहिली. तिनं घसा खाकरला आणि सांगायला लागली.

"या वाढीचे दोष ऐका. गुडघे दुखतात. केस पिकतात. लेकरं हाताबाहेर जातात आणि मग दाराबाहेरही जातात. आणि एका जेवणाला पान मांडलेलं राहतं, माणूस येत नाही. त्याच्यामागे जो उरतो, त्याच्याकडे बघवत नाही. मी बघून आले."

लोकांत कुजबुज झाली. नागोजींनी हात वर केला. "मथुराबाई, थांबा, थांबा. आधी गुण, मग दोष. तुम्ही उलटं केलंत."

मथुरा थांबली. एवढ्या पारखींत असं तिच्याकडून कधी झालं नव्हतं. शेवटी जे सांगावं तेच ऐकणाऱ्याच्या कानात राहतं, आणि म्हणूनच तर दोष शेवटी ठेवण्याचा शिरस्ता होता. हे चौकातल्या लहान पोरांनाही माहीत होतं. तिच्या तोंडून काय निघून गेलं ते सगळ्यांना कळलं, तिला जरा उशिरा कळलं.

"तुमचं मन झुकलंय, बाई," नागोजी हळूच म्हणाले. रागानं नाही म्हणाले.

"झुकलंय," मथुरा म्हणाली. "मग गुणही ऐकून घ्या. माझी पोर मला पाचवं वाक्य बोलली. बस. दुसरा गुण मला सापडला नाही."

"पारखीणपण जाईल. पुन्हा चौकात विचारणार नाही कुणी तुम्हाला."

"जाऊ दे."

"आणि तुमचंही पान एका जेवणाला..."

"ठाऊक आहे मला. सहा जेवणं जेवले मी तिथं." तिनं पदर खोचला. "माझ्यामागे तिचं कुणी नाही, हेही ठाऊक आहे. तिचं जे कोण असेल ते तिला स्वतःला शोधावं लागेल. आता तेवढं तरी शोधता येईल तिला."

ती वेशीवर गेली. गाडी हलायच्या बेतात होती. चाळिसांतला एक पेटारा तिनं उचलला आणि कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन आली. रिकाम्या कोनाड्यात धूळ होती, ती तिनं हातानंच पुसली. पेटारा ठेवताना तिचं मन शेवटचं एकदा कचरलं. रेवती ओटीवर पाय हलवत बसली होती, सहाची, गोबरी, कायमची तिची. तिच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि मथुरेनं पेटारा आत सरकवला.

पुढं किती जेवणं झाली ते तिनं मोजलं नाही. दात पडले, नवे आले, वाकडे आले. प्रश्न तर इतके आले की मथुरा एकदा वैतागून म्हणाली, "अगं बाई, जरा श्वास घे!" चौकटीशी टेकवलेला तळहात वर वर सरकत गेला. मथुरेच्या कानशिलावर पांढरं दिसू लागलं. विठा येऊन बसायची, कानात सांगितलेलं मनातल्या मनात घोळवत हसायची, आणि एका जेवणाला तिचंही पान मांडलेलं राहिलं. रेवतीनं ते पान उचललं आणि आईला जवळ घेतलं. आता उंची तेवढी झाली होती.

मग रेवती दाराबाहेर बघू लागली. पलीकडच्या आळीत वयाची वाढ घेतलेली आणखी दोन घरं होती, तिथून हाका येत. हाक आली की मथुरा उगाच लेकीला काम सांगायची, आणि मग स्वतःच म्हणायची, "राहू दे, मी करते. जा."

एकदा अशीच हाक आली तेव्हा रेवती पायरीवर बसून हातातली काचेची बांगडी काढत होती. मनगटाला घट्ट झाली होती, रुतत होती. साबण लावून झाला, तेल लावून झालं. मथुरा खाली बसली, लेकीचा हात मांडीवर घेतला, बोटं चेपून धरली आणि बांगडी पुढे ढकलू लागली. कट्कन आवाज झाला. हिरवे तुकडे दोघींच्या मांडीत पडले.

"आई, बांगडी फुट..."

मथुरेनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "असं म्हणू नये गं. वाढली म्हणावं."

"वाढली," रेवती म्हणाली. तिनं मनगट चोळलं, हसली, आणि हाक आली होती तिकडे निघून गेली. मथुरा पायरीवरच बसून राहिली. तुकडे तिच्या ओच्यात होते, आणि आळीच्या टोकापर्यंत हलत जाणाऱ्या त्या हातावर बांगडीच्या जागचा गोरा वळ दिसत होता.