दुरपदाक्काचा जांगड झोपाळा

डोंगराच्या पोटात, जिथे वाट संपते आणि जाळी सुरू होते, तिथे पळसबन नावाचं एक राज्य होतं. राज्यात राजा होता, प्रजा होती, बाजार होता आणि कीर्तन होतं. प्रजा राजाला निवडून देई, राजा प्रजेला भाषण देई, आणि मग दोघंही दमून बाजारात जात. कीर्तन तेवढं फुकट होतं, देवाची कृपा.

या बाजारात एक जुनी रीत होती. तिला जांगड म्हणत. दुकानातली वस्तू घरी न्यायची, तिचं मोल दुकानाच्या ओसरीवर ठेवून यायचं, आणि पुढच्या बाजारापर्यंत दुकानदारानं त्याला हात लावायचा नाही. वस्तूवर मन बसलं तर सौदा पुरा. नाही बसलं तर वस्तू परत, मोल परत, आणि वर दुकानदारानं पाणी विचारायचं. कारण विचारायचं नाही. ‘मन बसलं नाही’ एवढं कारण सशालाही पुरे आणि हत्तीलाही पुरे.

त्या राज्यात दुरपदाक्का नावाची साळू राहत होती. एकटा जीव. अंगभर काटे नि आत लोणी. कीर्तनाचा तिला भारी नाद. धनेशबुवा आपली ती मोठी पिवळी चोच वर करून उभे राहिले की दुरपदाक्का टाळ घेऊन पहिल्या रांगेत. शेजारचे प्राणी तिला जरा जास्तच जागा देत, पण ते भक्तीमुळे नव्हे.

एका बाजारी तिनं उंबरशेठ घुशीच्या दुकानात वेलींचा झोपाळा पाहिला. तिला वाटलं, यावर बसावं, टाळ धरावेत आणि म्हातारपण देवाच्या नावात झुलत जावं. उन्हाळ्यासाठी साठवलेले सगळे कंद तिनं ओसरीवर ओतले नि झोपाळा घरी आणला. बसली, गायला लागली, आणि ध्यानात आलं की अभंगाची लय वेगळी, झोपाळ्याची वेगळी. देवाचं नाव पुढे जाई तेव्हा ही नेमकी मागे. झोपाळ्यात खोट काही नव्हती. वेल चिवट, फळी गुळगुळीत. फक्त मन बसलं नाही.

“परत करते गं बाई,” ती स्वतःशीच म्हणाली. “वणव्याच्या दिवसांत जमिनीतून काही निघत नाही. तेव्हा काय फळी उकडून खाऊ?”

पुढच्या बाजारी झोपाळा काट्यांना अडकवून ती दुकानात हजर.

“उंबरशेठ, मन नाही बसलं हो.”

“बसेल, बसेल. नवं आहे अजून.”

“झोपाळा नवा आहे, मन जुनंच आहे. माझे कंद द्या.”

उंबरशेठनं मिशा पुसल्या. “आक्के, जांगड बंद झालं. काल दवंडी फिरली. तू कीर्तनात असशील.”

“आणि ओसरीवरचे कंद?”

“राजकोठारात जमा. वादातला माल ना तो.”

“वाद कुठला? मी तर आत्ता येतेय!”

“सरकार लांबचं बघतं, आक्के.”

दुरपदाक्का तशीच दरबारात गेली. सिंहासनावर गवा महाराज होते. महाराज अंगानं एवढे मोठे, की त्यांना मागे वळायला फार वेळ लागे. म्हणून ‘मागे वळणे नाही’ हेच राज्याचं धोरण ठरलं होतं. तिला पाहताच महाराज भाषणाला उभे राहिले.

“शिंगवाल्यांनो आणि बिनशिंगवाल्यांनो! हे राज्य निर्धारावर उभं आहे! आज हिचं झोपाळ्यावरून मन उठलं. उद्या कशावरून उठेल? परवा कुणावरून उठेल? म्हणून मी म्हणतो, घेतलं ते गोड मानू...”

“पळसबन पुढे आणू!” दरबार ओरडला. हे त्यांना पाठ होतं.

महाराज बसले. मग प्रधान खोकडपंत शेपूट आवरत पुढे आले. पंत जातीचे खोकड, आवाजानं मात्र कोकीळ.

“कायदा निर्दय नाही, आक्का. मन खरंच बदललं असेल तर परतावा मिळेल. पण सिद्ध करावं लागेल. जुनं मन आणि नवं मन, दोन्ही समितीपुढे आणून ठेव.”

“अहो पंत, जुन्याचंच नवं झालंय. दोन कुठून आणू?”

“म्हणजे जुनं मन तू परस्पर मोडलंस?” पंतांनी डोळे मोठे केले. “हा वेगळा गुन्हा. पण तू भाविक आहेस म्हणून सोडतो.”

समिती घुबडांची होती. ती दिवसा बसे, त्यामुळे तिला काही दिसत नसे. दुरपदाक्काचं मन तिला सापडलं नाही. मग कोठारातले कंद तिचेच आहेत का, हे ठरवायला ती बसली. बघून कळेना, म्हणून समितीनं चाखून पाहिलं. एकदा चाखून मत बनेना, म्हणून रोज चाखलं. दुरपदाक्कानं विचारलं तेव्हा थोरल्या घुबडानं ढेकर देऊन सांगितलं, “कंद उत्तम आहेत. निष्कर्ष मात्र अजून यायचाय.”

इकडे तिच्या बिळाशी फांदेराव सांबर धावून आला. फांदेराव विरोधी कळपाचा पुढारी. नुकत्याच झालेल्या निवडणुकीत त्यानं गव्याच्या नावानं बोटं मोडून मतं मिळवली होती. त्यानं झोपाळ्यावर उभं राहून सभा घेतली.

“दुरपदाक्काचा कंद म्हणजे माझ्या काळजाचा तुकडा! तो परत मिळेपर्यंत हा फांदेराव गवताला तोंड लावणार नाही!”

“पाला खा हो मधूनमधून,” दुरपदाक्का कळवळून म्हणाली. फांदेरावानं ते लगेच मनावर घेतलं.

बाजारात कुजबुज वाढली तसे खोकडपंत धनेशबुवांकडे गेले. “बुवा, उद्याच्या कीर्तनाला महाराज येतील. मन चंचल असतं आणि ते बदलणं पाप आहे, एवढं लोकांच्या गळी उतरवा.”

“पूर्वरंग तुमचा घ्या, पंत,” बुवा म्हणाले. “उत्तररंग देवाचा.” पंतांना तो संगीताचा काही प्रकार वाटला. ते खूश होऊन गेले.

दिवेलागणीला सगळं पळसबन जमलं. बुवांनी पूर्वरंगात मनाला असं धुतलं, असं पिळलं, की महाराज डोलायला लागले नि त्यांच्या आजूबाजूची झाडंही. मग बुवांनी उपरणं सावरलं, चिपळ्या उचलल्या.

“पण श्रोते हो, मला एक सांगा. वाटमारी करणारा लांडगा कीर्तनाला येतो, रडतो, आणि घरी जाताना तोंडातला ससा सोडून देतो. त्याचं काय झालं?”

“मन बदललं!” ससे एका सुरात ओरडले. त्यांचा या प्रश्नाशी थेट संबंध होता.

“मग मन बदलणं पाप असेल, तर मी इथे घसा कशाला फोडतोय? अहो, देवाचा सबंध कारभार जांगडावर चाललाय! जीव थकून येतो, म्हणतो, देवा, संसारावर मन नाही बसलं. देव पुरावा मागतो का? जुनं मन आणून दाखव म्हणतो का? घुबडं बसवतो का? तो म्हणतो, आलास, बरं झालं, बैस! ज्याला वैकुंठात परत घेतात, त्याला उंबरशेठच्या दुकानात परत घेत नाहीत?”

मृदंग कडाडला. दुरपदाक्काच्या डोळ्यांतून धारा लागल्या नि हातातले टाळ थांबेनात. “जांगड! जांगड!” सगळं रान टाळाच्या ठेक्यावर उठलं. कुणी छत्री परत न्यायला निघालं, कुणी सून. महाराजांनी पळायचा विचार केला, पण त्यासाठी वळावं लागलं असतं. ते उभे राहिले.

“मान्य! मन बदलणाऱ्याला यापुढे परतावा मिळेल! उद्या सकाळी, वाजतगाजत!”

सकाळी दुरपदाक्का आंघोळ करून, कपाळी बुक्का लावून, रिकामी टोपली घेऊन कोठारापाशी आली. खरंच वाजंत्री होती. मांडवही होता. मांडवात महाराजांच्या शेजारी फांदेराव बसला होता, शिंगांच्या फांदीफांदीला हार. आणि त्याच्यापुढे कंदांची रास. एका कंदात दुरपदाक्काचा स्वतःचा काटा अजून रुतलेला होता.

“फांदेराव, अहो हे माझे!”

“आक्का, काल बुवांनी डोळे उघडले माझे,” फांदेराव गहिवरून म्हणाला. “आतून आवाज आला. मनच बदललं बघा! महाराजांवाचून पळसबनाला कुणी वाली नाही.” मागे त्याचा सगळा कळप माना हलवत उभा होता. त्यांचंही मन त्याच वेळी बदललं होतं.

“आणि माझे कंद?”

खोकडपंत समजावणीच्या सुरात म्हणाले, “महाराजांचा शब्द तू ऐकलास ना? मन बदलणाऱ्याला परतावा. यांचं बदललं. समितीकडून जे उरलं होतं, ते यांना दिलं.”

“मन माझंही बदललंय, पंत! माझं तर आधी बदललं!”

“कबूल. पण आक्का, तुझं मन झोपाळ्यावरून बदललं. त्यात राज्याचं हित कुठे आहे?”

वाजंत्री पुन्हा सुरू झाली. दुरपदाक्कानं रिकामी टोपली उचलली. परतीच्या वाटेवर धनेशबुवा तिची वाट बघत बसले होते. त्यांनी कीर्तनाचा मिळालेला शिधा तिच्या टोपलीत ओतला नि दोघं नाम घेत, जपून पावलं टाकत घरी गेले.

तेव्हापासून पळसबनात मन बदलायला कुणाचीही आडकाठी नाही. परतावाही हातोहात मिळतो. फक्त निवडणूक नुकतीच उरकलेली असावी लागते, आणि येताना सोबत कळप आणावा लागतो.