चिपची दोन उत्तरे

एकदा एका साबणाच्या कारखान्यात छापाची दोन जुळी यंत्रे होती. दोन हातांनी दोन बटणे दाबली की लोखंडी ठसा खाली येई आणि वडीवर कमळ उमटे. त्यातले एक यंत्र अचानक थांबले. पोटातली चिप गेली होती. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. शेठजी दुसऱ्या यंत्राची चालू चिप रुमालात गुंडाळून चिपांचे काम जाणणाऱ्या एका वृद्ध गुरूंकडे आले.

“गुरुजी, हिच्यासारखी दुसरी करून द्या. दिवाळी तोंडावर आलीय, गिऱ्हाईक दारात नाही, डोक्यावर बसलंय!”

चिपच्या आतली रचना वाचायला बंदी होती, तसे कुलूपच घातलेले. मग एकच वाट: जुना दुकानदार गिऱ्हाइकाच्या मनातले काढून घेतो तसे तिला विजेचे प्रश्न विचारायचे आणि उत्तरांवरून ओळखायचे. काम शिष्याकडे आले. रुमालाला वाळ्याचा मंद वास होता, खोलीत दुपार तरंगत होती. शिष्य जणू स्वप्नात विचारी, “डावे दाबले, ठसा खाली आणायचा?” ‘होय’ सांगायला जोडलेला दिवा लागत नसे. “उजवे?” नाही. “दोन्ही?” दिवा लागे. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, आणि दिवा गप्प.

‘म्हातारी झाली बिचारी, बरळते,’ असे म्हणून त्याने ‘होय’ तेवढे धरले आणि नवी चिप घडवली.

कारखान्यात ती बसवताच ठसा झरझर चालू लागला. शेठजींनी पेढे मागवले. गुरूंनी मात्र डावे बटण सुतळीने दाबून बांधले, ठशाखाली एक काकडी ठेवली आणि यंत्र चालवणाऱ्या गोदाक्कांना म्हणाले, “अक्का, नुसते उजवे दाबा.”

“अहो, घाईत आम्ही बांधून बघितलंय. मेलं हलतच नाही!”

“दाबा तर खरं.”

ठसा कोसळला. काकडीचे पाणी झाले. गोदाक्कांनी आपला मोकळा डावा हात झटकन पदराखाली ओढला.

गुरूंनी रुमालातली जुनी चिप बसवली. सुतळी तशीच. आता ठसा वरच थांबला, श्वास धरल्यासारखा. सुतळी सोडून गोदाक्कांनी दोन्ही हात उचलले, मग एकदम दाबले, तेव्हाच तो उतरला.

“बाळ, ती बरळत नव्हती,” गुरू म्हणाले. “दोन्ही बटणे मोकळी असताना तू विचारलेस, ती ‘होय’ म्हणाली. डावे आधीच दाबून ठेवून विचारलेस, तेव्हा ‘नाही’. प्रश्नाआधी काय केलेस ते तू विसरलास. तिने लक्षात ठेवले. ती घडवणाऱ्याने कधी न पाहिलेल्या बाईचा हात त्या आठवणीत राखला आहे.”

शेठजींच्या हातातला पेढा तसाच राहिला. “गुरुजी, गिऱ्हाइकाला मी सांभाळतो,” ते हळूच म्हणाले. “यंत्र राहू द्या बंद.”

शिष्याने आपली चिप काढून घेतली आणि तो पहिल्या प्रश्नापासून पुन्हा बसला. आता विचारण्याआधी तो क्षणभर थांबे आणि मागे काय घडले ते आठवून घेई.

कुणी एकाच प्रश्नाला दोन उत्तरे दिली, तर त्याला खोटे ठरवण्याआधी आपणही एवढे थांबावे.