क्लचातली मोकळीक

"…मग चूक कुणाची, वस्ताद? प्लेटीची?"

इलाही वस्ताद गॅरेजच्या दारातल्या फरशीवर बसून कार्ब्युरेटरची जाळी रॉकेलमध्ये खळबळत होते.

बसवंत कोष्टी उभाच होता. त्याच्या मागं एक जुनी काळी मॉरिस गाडी उभी होती. तिच्या पोटाखालून अजून जळका वास येत होता.

"क्लचची एक प्लेट टाकली, जळली. दुसरी टाकली. आज चढाला परत तोच वास. इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी ओढत न्हाई. काम सगळं माझ्या हातचं हाय. माझ्या हातात दोष न्हाई."

"मग कशात हाय?"

बसवंतनं रस्त्यापलीकडं पाहिलं. तिथं चिंचेखाली त्याचा धाकटा भाऊ इराप्पा पाठमोरा उभा होता.

"चालवणाऱ्याच्या पायात."

"हं…"

बसवंत हा वस्तादांचा जुना शिष्य. खिंडीच्या पायथ्याच्या याच गॅरेजात तो शिकला आणि पुढं गडहिंग्लजला त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं. जुन्या गाड्यांच्या कामात त्याचं नाव झालं. बसवंतच्या हाताखालून गेलेल्या गाडीत काही खडखडत नाही, असं लोक म्हणत. तोही म्हणे.

इराप्पा त्याच्याच गॅरेजात काम करी. आज निघताना त्यानं आपले कपडे पिशवीत भरून गाडीत टाकले होते.

"सांगलीला चाललाय," बसवंत आवाज खाली आणून म्हणाला. "दुसऱ्याच्या गॅरेजात. म्हणतो, ही मॉरिस तेवढी खिंडीत चढवून देतो, मग तुझी वाट वेगळी, माझी वेगळी."

"कशापाय?"

"त्यालाच विचारा. मला सांगत न्हाई. आई गेल्यापासनं मी वाढवला त्याला. कुठं चुकू नये म्हणून एक नट कधी एकट्याला आवळू दिला न्हाई… आणि हा चालला सांगलीला."

वस्तादांनी जाळी उन्हाकडं धरली. एक डोळा मिटून तिच्यातून पाहिलं. मग ती ठेवून ते उठले, मॉरिसचं दार उघडलं आणि वाकून क्लचचं पेडल हातानंच दाबलं.

सोडलं. पुन्हा दाबलं.

"हे तू लावलंस?"

"मीच."

"हात टेकला की लागतंय."

बसवंतचा चेहरा खुलला. "लागणारच! मधे तसूभर पोकळ न्हाई. बाकीचे मिस्त्री पेडल ढिलं सोडत्यात. पाय आधी हवेत जातो, मग काम सुरू. मला न्हाई चालत तसलं. तुमीच शिकवलंय. नट ढिला ठेवला म्हणून पाठीत पाना घातला हुता तुमी माझ्या."

"चाकाचा नट हुता त्यो, लेका."

"नट त्यो नटच."

"मग विजारीची नाडी बी पान्यानंच आवळत जा."

चिंचेखाली इराप्पाचे खांदे हलले. त्याला सगळं ऐकू जात होतं.

बसवंत हसला नाही.

"पाना घे," वस्ताद म्हणाले. "खाली जा. पेडलाच्या रॉडचा नट उलटा फिरव."

"उलटा? म्हणजे ढिला?"

"उलटा म्हणजे उलटाच."

बसवंत पोतं अंथरून गाडीखाली शिरला. त्यानं पाना नटाला लावला. तेवढ्यात वस्ताद उकिडवे बसले, हात आत घातला आणि त्याच्या मनगटावर ठेवला.

बसवंत थांबला.

"फिरव की."

"हात काढा, वस्ताद."

"दाबलाय का मी?"

"न्हाई."

"धरलाय?"

"न्हाई. नुसता ठेवलाय."

"मग तुझं काय अडलं? लाव जोर."

बसवंतनं जोर लावला. पाना सटकला आणि त्याची बोटं चासीवर आपटली.

"अडतंय!" तो खालून ओरडला. "हात असा वर असल्यावर जोर कसा लागंल माणसाला?"

वस्तादांचा हात हलला नाही.

बसवंतची नजर मनगटावरच्या हातावरून पेडलाच्या रॉडवर गेली…

"म्हंजे," तो हळूच म्हणाला, "पेडल सोडलं तरी रॉड आपला क्लचवर टेकलेलाच. क्लच पुरता बसतच नव्हता. चढाला प्लेट घसरायची, आणि घसरून जळायची…"

वस्तादांनी हात काढून घेतला.

नट उलटा फिरला. बसवंत बाहेर आला आणि त्यानं स्वतः पेडल दाबून पाहिलं. आधी ते नुसतंच खाली गेलं, कशालाही न लागता. मग कुठं ओझं आलं. बसवंतचं तोंड कडू झालं.

"एवढं मोकळं ठेवायचं?"

"एवढं."

"ह्या मोकळ्यात पेडल काय काम करतं?"

"काय न्हाई."

"मग ठेवायचं कशाला?"

"काय करत न्हाई म्हणून."

बसवंत चिंधीनं हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

"इराप्पा!" वस्तादांनी हाक मारली. "खिंडीपतूर जाऊन बघ, वढती का."

इराप्पा रस्ता ओलांडून आला. मोठ्या भावाकडं न बघता तो स्टिअरिंगमागं बसला. बसवंत लगबगीनं डाव्या दाराशी गेला. वस्तादांनी दारावर हात टेकला.

"तू कुठं?"

"शेजारी बसतो. दुसरा गिअर उशिरा टाकतो त्यो. सांगायला लागतं."

"हितं थांब."

"वस्ताद…" बसवंत अगदी जवळ आला. "त्याची पिशवी आत हाय. वर खिंडीत सांगलीची एस्टी थांबते. गाडी तिथंच लावून जाईल त्यो."

"ठाऊक हाय मला."

दारावरचा हात निघाला नाही.

इराप्पानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग त्यानं गाडी सुरू केली. मोकळं झालेलं पेडल त्याच्या ओळखीचं नव्हतं. मॉरिस एकदा दचकली, मग रस्त्याला लागली.

दोघं गॅरेजच्या दारात उभे राहिले.

पहिल्या वळणाला चढ सुरू होत होता. इंजिनाचा आवाज वर गेला. आणखी वर गेला.

"टाक…" बसवंत पुटपुटला. "आता टाक. टाक की रं दुसरा…"

दुसरा गिअर पडला. उशिराच पडला. पण गाडी ओढत होती. आवाज भरदार झाला आणि एका लयीत वर सरकू लागला. वळणामागं काळं टप दिसेनासं झालं.

बसवंतची मान तिकडंच होती.

"वस्ताद, येईल का त्यो माघारी?"

वस्ताद रस्त्याकडं बघत नव्हते. ते खाली बघत होते. बसवंतचा डावा पाय पुढं सरकला होता. टाच उचललेली होती आणि चपलेचा पुढचा भाग मातीत रुतला होता, क्लचवर असावा तसा जोर लावून दाबलेला.

"पाय उचल, बसवंता," वस्ताद म्हणाले. "गाडीला चढायचंय."